जलरोधक जेल आणि निदानाचा प्रश्न : तेलसाठ्यांतील पाण्याविषयीच्या लेखनाची समीक्षा

खनिज तेलाच्या विहिरीतून तेलाबरोबर पाणी येते आणि विहिरीचे वय वाढते तसतसे ते अधिकाधिक येते, ही गोष्ट या विषयाच्या पहिल्याच पाठात सांगितली जाते. हे पाणी उपसावे लागते, तेलापासून वेगळे करावे लागते, शुद्ध करून पुन्हा भूगर्भात किंवा समुद्रात सोडावे लागते. आणि एवढे करून हाती काहीच येत नाही. त्याला आवर घालण्यासाठी खडकात जेल भरण्याचे तंत्र गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ विस्तारले असून त्यावरील लेखनही विपुल झाले आहे. तथापि विपुलता आणि परिपक्वता ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. खडकात काय भरावे, ह्या प्रश्नाचे उत्तर हे लेखन मोठ्या तपशिलाने देते. पाणी कोठून आणि कोणत्या वाटेने येते, ह्या त्याआधीच्या प्रश्नाकडे मात्र ते पुष्कळदा उडत्या दृष्टीने पाहते. ह्या लेखनाचे मूल्यमापन करावयाचे तर ते ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या कसोटीवर केले पाहिजे.

प्रथम जेल म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे. पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडासारख्या बहुवारिकाचे पाण्यातील पातळ द्रावण आणि त्याच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधणारा एखादा बंधक पदार्थ, असे हे मिश्रण असते. ते द्रवरूपात विहिरीत सोडले जाते व काही तासांनी किंवा दिवसांनी खडकातच थिजते. थिजलेल्या जेलमध्ये बहुवारिकाचा अंश बहुधा शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. उरलेले सारे पाणीच. म्हणजे पाणी अडविण्यासाठी येथे पाण्याचाच बांध घातला जातो. ही कल्पना नवी नाही. सोडियम सिलिकेट वापरून विहिरीतील पाणी रोखण्याचे अमेरिकन पेटंट १९२२ सालचे आहे. पुढे सहा संयुजेच्या क्रोमियमचा उपयोग झाला. परंतु तो विषारी असल्याने मागे पडला. १९८० च्या दशकात रॉबर्ट सायडान्स्क ह्यांनी मॅरेथॉन ऑइल कंपनीत तीन संयुजेच्या क्रोमियमच्या अ‍ॅसिटेटावर आधारलेले जेल सिद्ध केले आणि तेव्हापासून ह्या तंत्राला स्थैर्य आले.

मराठीत ‘जेल’ हा शब्द उच्चारताच तुरुंग डोळ्यांसमोर उभा राहतो. हा केवळ उच्चाराचा योगायोग होय. परंतु ह्या विषयाचे लेखन वाचताना असे वाटते, की त्या योगायोगातील कल्पना इंग्रजी जाणणाऱ्या लेखकांच्याही मनात कोठेतरी दडलेली आहे. जेल जणू पाण्याला ओळखून पकडते, डांबून ठेवते आणि तेलाला मोकळे सोडते, अशी ती कल्पना. वस्तुस्थिती तशी नाही. खडकात शिरताना द्रावणाला पाणी आणि तेल ह्यांत गुन्हेगार कोण, हे कळत नाही. जेथे वाट रुंद तेथे ते अधिक शिरते, जेथे वाट अरुंद तेथे कमी. आणि जेथे जेथे ते शिरते तेथे तेथे वाट बंद करते. ह्या साध्या सत्याचा विसर पडला, की पुढचे सारे तर्क घसरतात.

या विषयावरील बहुतेक निबंधांच्या प्रस्तावनेत जे आकडे येतात त्यांचे एक मूळ ‘ऑइलफील्ड रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकात २००० साली आलेल्या ‘वॉटर कंट्रोल’ ह्या लेखात आढळते. जगात दररोज सुमारे साडेसात कोटी पिंपे तेलाबरोबर २१ कोटी पिंपे पाणी वर येते आणि त्याच्या निर्गतीचा वार्षिक खर्च ४,००० कोटी डॉलरच्या घरात जातो, असा तो अंदाज आहे. पंचवीस वर्षे हाच अंदाज एका निबंधातून दुसऱ्यात जात राहिला. आकड्याचा उपयोग विषयाचे महत्त्व पटविण्यासाठी करण्यात गैर काही नाही. परंतु त्याच लेखात जो खरा विचार आहे तो मात्र आकड्याइतका प्रवास करीत नाही. तो विचार असा, की विहिरीतून येणारे सगळेच पाणी ‘नकोसे’ नसते. काही पाणी तेलाला पुढे ढकलीत येते; ते थांबविले तर तेलही थांबते. केवळ जे पाणी तेलाला न ढकलता आडवाटेने येते तेच वाईट. म्हणजे ‘नकोसे पाणी’ ही पदार्थाची जात नसून हिशेबाची बाब आहे. हा भेद ज्या निबंधात आरंभीच केलेला नाही, त्यात पुढे सांगितलेल्या यशाचा अर्थ लावणे कठीण होते.

पाणी चांगले की वाईट, आणि वाईट असल्यास कोणत्या वाटेचे, हे ओळखण्यासाठी के. एस. चान ह्यांनी १९९५ साली एक आलेखपद्धती मांडली. पाणी आणि तेल ह्यांचे गुणोत्तर व त्या गुणोत्तराच्या बदलाचा वेग हे दोन्ही लघुगणकी कागदावर काळासमोर मांडावयाचे. वेगाची रेषा उतरती असेल तर पाणी खालून शंकूच्या आकाराने वर चढत आहे असे समजावयाचे, आणि ती चढती असेल तर एखाद्या सुलभ थरातून ते धावत येत आहे असे समजावयाचे. पद्धत स्वस्त, सोपी, आणि उत्पादनाच्या रोजच्या नोंदींखेरीज दुसरे काही न मागणारी. तिची लोकप्रियता समजण्यासारखी आहे. परंतु लोकप्रियता हा तिच्या अचूकपणाचा पुरावा नव्हे. न्यू मेक्सिको येथील रँडी सेराइट ह्यांनी संगणकीय प्रतिरूपांच्या साहाय्याने दाखवून दिले, की अनेक थरांच्या साठ्यात सुलभ थरातून पाणी येत असतानाही रेषा उतरती दिसू शकते. म्हणून हा आलेख एकट्याने निदानासाठी वापरू नये. हा इशारा १९९० च्या दशकातच दिला गेला, तरी आजही कित्येक निबंधांत एका परिच्छेदात हा आलेख काढला जातो आणि दुसऱ्या परिच्छेदात जेलचे प्रमाण ठरते. दुष्काळी गावात पाणाड्याने काठी फिरवून जागा दाखवावी आणि लगेच कुदळ पडावी, तसाच हा प्रकार. काठीच्या जागी आलेख आला एवढेच.

ह्या पार्श्वभूमीवर सेराइट, लेन आणि सायडान्स्क ह्यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला निबंध वेगळा उठून दिसतो. पाण्याच्या समस्यांचे तेरा प्रकार त्यांनी चार वर्गांत लावले आहेत. पहिल्या वर्गात सिमेंटसारख्या जुन्या उपायांनी सुटणारे प्रकार येतात. दुसऱ्या वर्गात न थिजलेले द्रावण उपयोगी पडते, उदाहरणार्थ विहिरीच्या आवरणनळीतील बारीक गळती. तिसऱ्या वर्गात आधीच थिजवलेले जेल लागते; विहिरीपासून विहिरीपर्यंत गेलेली मोठी भेग ह्या वर्गात मोडते. चौथ्या वर्गात शंकूच्या आकाराने वर चढणारे पाणी आणि ज्यांच्यामध्ये द्रवाची देवघेव चालू आहे असे थर येतात; तेथे जेल वापरूच नये, असे लेखक स्पष्ट सांगतात. जेलच्या अभ्यासात आयुष्य वेचलेल्या माणसांनी, त्यांतही जेल सिद्ध करणाऱ्याने, ‘येथे जेल नको’ असे म्हणणे ही ह्या निबंधाची नैतिक बाजू होय. सोप्या समस्यांचा शोध आधी घ्यावा आणि अवघडांकडे नंतर वळावे, हा त्यांचा क्रमही वैद्यकातील सुज्ञ निदानासारखा आहे.

तरीही निबंधात एक उणीव राहते. तेरा प्रकार जणू तेरा स्वतंत्र पेट्यांत असावेत अशी मांडणी आहे. जुन्या साठ्यात एकाच विहिरीला नळीची गळतीही असते, भेगही असते आणि थरांतील देवघेवही असते. अशा मिश्र स्थितीत कोणत्या दोषाचा वाटा किती, हे ठरविण्याची पद्धत निबंध देत नाही. आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यापुढे प्रश्न तोच असतो.

वर्गीकरणातील चौथ्या वर्गाचा इशारा गांभीर्याने का घ्यावा, हे एका कल्पित विहिरीच्या साध्या गणिताने दिसून येते. विहिरीची त्रिज्या ०.१ मीटर व तिला पुरवठा करणाऱ्या क्षेत्राची त्रिज्या २०० मीटर आहे असे समजू या. सारख्याच जाडीचे दोन थर आहेत. पाण्याच्या थराची पार्यता, म्हणजे द्रव वाहू देण्याचा गुण, तेलाच्या थराच्या दहापट आहे. थर अलग न करता द्रावण सोडले आणि ते पाण्याच्या थरात १० मीटर शिरले, तर तेलाच्या थरात ते एक मीटर शिरेल असे वाटते. परंतु विहिरीभोवती प्रवाह वर्तुळाकार पसरतो आणि भरलेले आकारमान त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून तेलाच्या थरातही द्रावण १० भागिले १० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.२ मीटर शिरते. आता जेलने जेथे तो शिरला तेथे पार्यता एकदशांश केली असे धरले, तर डार्सीच्या नियमाने पाण्याचा प्रवाह सुमारे ८५ टक्के घटतो. पण तेलाचाही सुमारे ८० टक्के घटतो. कारण वर्तुळाकार प्रवाहात विरोधाचा मोठा भाग विहिरीलगतच्या काही मीटरांतच असतो, आणि तेवढे मीटर दोन्ही थरांत भरले गेलेले असतात. हेन्री डार्सी ह्यांनी १८५६ साली मांडलेला नियम येथे पुरेसा आहे. त्यासाठी मोठे संगणक लागत नाहीत. भेगेची गोष्ट निराळी. भेगेतील प्रवाह सरळ रेषेत असतो, भेग आणि शेजारचा खडक ह्यांच्या पार्यतेतील तफावत अफाट असते, आणि त्यामुळे जेल भेगेत बसते व तेलाचा खडक बव्हंशी बचावतो. म्हणून भेगाळ साठ्यांत ह्या तंत्राला जे यश आले ते अखंड वालुकाश्माच्या साठ्यांवर लादता येत नाही.

ह्या अडचणीवर तोड म्हणून एक गुणधर्म पुढे केला जातो. काही जेल पाण्याची पार्यता तेलाच्या पार्यतेपेक्षा अधिक प्रमाणात कमी करतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. निरीक्षण खरे आहे आणि त्याचा अभ्यास मोलाचा आहे. परंतु त्यावरून ‘पाण्याला ओळखणारे जेल’ मिळाले असे जाहीर करणे हे निरीक्षणाच्या पलीकडचे विधान होते. तेलाच्या थरात पार्यता निम्मी झाली आणि पाण्याच्या थरात शंभरपट घटली, तरी तेलाच्या थराचे नुकसान नुकसानच राहते. शिवाय प्रयोगशाळेतील खडकाचा तुकडा काही सेंटिमीटरांचा, साठा काही किलोमीटरांचा. पहिल्यातील गुणधर्म दुसऱ्यात तसाच उतरेल, हे सिद्ध करावे लागते. गृहीत धरून चालत नाही.

क्षेत्रीय यशाच्या अहवालांची तपासणी ह्याहूनही कठोरपणे झाली पाहिजे. त्यांत चार दोष वारंवार आढळतात. पहिला, जेल भरण्यासाठी अशाच विहिरी निवडल्या जातात ज्यांची स्थिती त्या वेळी सर्वांत वाईट असते. विहिरींच्या उत्पादनात चढउतार नैसर्गिक असतात. तळाशी गेलेली विहीर काही न करताही थोडी सावरते, आणि ते सावरणे जेलच्या खात्यावर जमा होते. दुसरा, जेलबरोबर त्याच वेळी नळी साफ करणे, पंप बदलणे, खडकाला आम्ल देणे अशी कामे होतात. मग वाढलेले तेल कोणामुळे वाढले ते सांगता येत नाही. तिसरा, मोजणीचा काळ काही महिन्यांचा असतो, जेव्हा प्रश्न जेल किती वर्षे टिकते हा असतो. चौथा आणि सर्वांत गंभीर दोष असा, की फसलेल्या कामांवर निबंध सहसा लिहिले जात नाहीत. ज्या शास्त्रात केवळ बऱ्या झालेल्या रोग्यांची नोंद होते, त्या शास्त्रात औषधाची परीक्षा कशी व्हावी?

हे सारे मुद्दे महाराष्ट्राच्या दृष्टीने दूरचे नाहीत. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेस समुद्रात असलेले मुंबई हाय हे क्षेत्र १९७४ साली ‘सागर सम्राट’ ह्या मंचावरून केलेल्या खोदकामात सापडले आणि १९७६ साली तेथून उत्पादन सुरू झाले. त्याचा मुख्य साठा मायोसीन काळातील, अनेक थरांच्या चुनखडकात आहे. चुनखडक हा स्वभावतःच विषम असतो. कोठे घट्ट, कोठे पाण्याने झिजून पोकळ झालेला. ह्या साठ्यातील दाब टिकविण्यासाठी १९८४ पासून त्यात समुद्राचे पाणी भरण्यास आरंभ झाला. म्हणजे आज विहिरींतून जे पाणी वर येते त्याचा मोठा भाग अभियंत्यांनीच खाली पाठविलेला आहे. ते पाणी तेलाला ढकलून मग वर आले तर ते चांगले; एखाद्या पोकळ थरातून ते परस्पर धावत आले तर ते वाईट. बाटलीत भरल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. निदानाचा प्रश्न येथे ह्या रूपात उभा राहतो.

चुनखडकी, उष्ण साठ्यांत रसायनशास्त्रही सोपे राहत नाही. पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडाच्या साखळीवरील अमाइड गट उष्णतेने हळूहळू आम्लगटांत बदलतात. समुद्राच्या पाण्यात एका लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. हे धातू त्या आम्लगटांना खेचून धरतात, जेल आकसते आणि आपल्यातले पाणी बाहेर टाकते. साधारण ७५ अंश सेल्सियसच्या पुढे अशा कठीण पाण्यात साधे पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड विश्वासार्ह राहत नाही. म्हणून अधिक तापमानासाठी निराळी सहबहुवारिके आणि सेंद्रिय बंधक शोधले गेले. त्यांपैकी काहींत फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ह्यांचा संबंध येतो. तेव्हा क्रोमियमच्या विषारीपणातून सुटून दुसऱ्या विषाकडे तर जात नाही ना, हा प्रश्नही ह्या लेखनाने उघडपणे विचारला पाहिजे.

२०२५ साली तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने मुंबई हायचे उत्पादन वाढविण्यासाठी बीपी ह्या ब्रिटिश कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवा देण्याचे काम सोपविले. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल अलीकडच्या वर्षांत बाहेरून येत असताना जुन्या साठ्यातील प्रत्येक पिंपाला महत्त्व आहे, हे उघड आहे. परंतु त्याच कारणास्तव चुकीच्या निदानाची किंमतही मोठी आहे. जमिनीवरील विहिरीत चूक झाली तर शेजारी दुसरी खोदता येते. समुद्रातील मंचावरून खोदलेल्या विहिरीचा तेलाचा थर जेलने बुजला, तर तो पुन्हा मोकळा करणे कष्टाचे आणि कधी कधी अशक्य असते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण ह्या पट्ट्यात ह्या विषयाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला असे वाटण्याचा संभव आहे, की पायाखाली बेसॉल्टचा काळा पाषाण असलेल्या ह्या भूमीशी तेलसाठ्याचा संबंध तो काय? संबंध दोन प्रकारे आहे. पहिला भूगर्भाचा. ह्या पाषाणात घेतलेली एक विंधणविहीर कोरडी जाते आणि थोड्याच अंतरावरील दुसरीला भरपूर पाणी लागते, हे येथील शेतकऱ्याला ठाऊक असते. अखंड दगड पाणी देत नाही. भेग, सांधा किंवा मांजऱ्या खडकाचा थर देतो. भेगेतील प्रवाह आणि खडकातील प्रवाह ह्यांचा भेद, ज्यावर वर सांगितलेले सगळे वर्गीकरण उभे आहे, तो येथे पुस्तकाशिवाय शिकता येतो.

दुसरा संबंध कारखान्याचा. मोटारींसाठी अ‍ॅल्युमिनियमचे जे भाग ओतले जातात त्यांत घनीकरणाच्या वेळी सूक्ष्म छिद्रे राहतात आणि त्यांतून तेल किंवा हवा गळते. असे भाग निर्वात भांड्यात ठेवून त्यांच्या छिद्रांत पातळ राळ भरतात व नंतर गरम पाण्यात ती थिजवतात. जुन्या काळी ह्याच कामासाठी सोडियम सिलिकेट वापरीत. म्हणजे १९२२ च्या पेटंटातील तेच द्रव्य. ओतीव भाग आणि तेलसाठा ह्यांत आकारमानाचा फरक प्रचंड असला तरी तत्त्व एकच आहे : सच्छिद्र पदार्थात द्रव भरावयाचा आणि तो तेथेच थिजवावयाचा. परंतु कारखान्याची शिस्त येथे तेलक्षेत्राच्या लेखनापेक्षा पुढे आहे. भाग राळेत बुडविण्यापूर्वी आणि नंतरही त्याची गळती मोजली जाते. सूक्ष्म छिद्रांची गळती राळेने थांबते. ओतताना राहिलेला तडा राळेने झाकला तर तो दोष झाकलेलाच राहतो, म्हणून तो भाग बाद करावा लागतो. दोष आढळल्यावर ‘का?’ हा प्रश्न एकामागून एक पाच वेळा विचारून मूळ कारणापर्यंत जाण्याची पद्धत, जी जपानच्या टोयोटा कारखान्यातून जगभर पसरली, ती वाहनउद्योगात परिचित आहे. जेलविषयीच्या निबंधांत पहिला ‘का’ सुद्धा पुष्कळदा विचारलेला नसतो.

पुण्यात बहुवारिक जेलच्या अभ्यासाची परंपराही आहे. १९५० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात ‘जलशक्ती’ नावाचा पाणी शोषून ठेवणारा बहुवारिक विकसित झाला. त्याचा हेतू शेतीसाठी जमिनीत ओल टिकविणे हा होता. एकाच प्रकारचा पदार्थ एके ठिकाणी पाणी हवे म्हणून आणि दुसरीकडे पाणी नको म्हणून वापरला जातो, ह्यावरून पदार्थाचा गुण हा त्याच्या स्थानावर अवलंबून असतो, हे स्पष्ट होते. स्थानाचे ज्ञान नसेल तर पदार्थाचे ज्ञान अपुरे ठरते.

तात्पर्य, जलरोधक जेलचे शास्त्र खोटे नाही आणि त्याचे यशही काल्पनिक नाही. भेगाळ साठ्यांत, नळीच्या बारीक गळतीत आणि नीट अलग केलेल्या थरांत त्याने आपली योग्यता सिद्ध केली आहे. आक्षेप आहे तो त्याविषयीच्या लेखनातील प्रमाणभंगावर. रसायनाला दहा पाने आणि निदानाला अर्धे पान, हे प्रमाण उलटे झाले पाहिजे. जेलच्या कोणत्याही क्षेत्रीय अहवालात पुढील गोष्टी असाव्यात अशी अपेक्षा करणे अवाजवी नाही : काम सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवलेले निदान; त्या निदानाला आधार देणाऱ्या किमान दोन स्वतंत्र चाचण्या; शेजारच्या, जेल न भरलेल्या विहिरींशी तुलना; निदान एका वर्षाची पुढील नोंद; आणि काम फसले असल्यास तसे स्वच्छ विधान. ह्यांतील शेवटची अपेक्षा सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत दुर्मिळही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने फसलेल्या विहिरींचा एक प्रामाणिक प्रबंध लिहिला, तर नव्या मिश्रणाच्या दहा प्रबंधांपेक्षा तो ह्या शास्त्राला अधिक पुढे नेईल.